सुखाची चाल आणि पुण्याचा हिशेब

धाराशिव जिल्ह्यात आश्विन महिन्याच्या सुमारास पायी कापली जाणारी लांब अंतरे दोन उलट दिशांनी कापली जातात. घटस्थापनेच्या आधीच्या दिवसांत गावोगावच्या नवरात्र मंडळांची पोरे टेम्पो करून तुळजापूरला येतात, भवानीच्या देवळात ज्योत पेटवतात आणि आळीपाळीने धावत ती आपल्या गावी नेतात. पंधरवड्यानंतर, कोजागरीला, हाच ओघ उलटा फिरतो. सोलापूर, लातूर, कलबुर्गी, बीदर या बाजूंनी लाखो लोक पायी तुळजापूरकडे निघतात. दोन्ही वाटचालींत एक जुना प्रश्न आहे. देवासाठी चाललेल्या वाटेचे मोल तिच्यात सोसलेल्या त्रासावरून ठरते का? एखादा रमतगमत, गप्पा मारत, वाटेत खातपीत, सुखाने गेला तर त्याच्या पदरात पुण्य कमी पडते का? डोंगरवाटांवरच्या लांब शर्यतीत मुद्दाम सावकाश धावणाऱ्या आजच्या हौशी धावपटूलाही हाच प्रश्न पडतो, फक्त तो पुण्याऐवजी ‘कामगिरी’ हा शब्द वापरतो.

ज्योतीची धाव बाहेरून शर्यतीसारखी दिसते, पण ती शर्यत नाही. तुळजापूरहून धाराशिव जवळ आहे. सोलापूर साधारण ४५ किलोमीटर आणि लातूर ७५ किलोमीटरच्या आसपास. त्यापलीकडची मंडळे तर रात्रंदिवस धावतात. दांड्याच्या टोकाला चिंध्या घट्ट आवळून बांधलेल्या असतात आणि त्या तेलाने निथळत असतात. मशाल अंगापासून बाजूला, खांद्याच्या वर धरावी लागते. समोर धरली तर ज्वाला आणि काजळी तोंडावर येते, खाली आली तर तेल मनगटावर ओघळते. धावणारा बहुधा अनवाणी असतो. मागे मोटारसायकलवर बसलेल्याच्या हातात तेलाचा डबा असतो आणि त्याच्यामागे टेम्पोत पुढची पाळी असलेली पोरे असतात. पाळी बदलताना नवा गडी दहा-वीस पावले जुन्याच्या बरोबरीने धावतो, दांडा हातात घट्ट बसला की जुना बाजूला होतो. ‘आई राजा उदो उदो’चा गजर चालू असतो, अलीकडे त्यावर टेम्पोतल्या डीजेचा आवाज चढतो आणि ते काही भूषणावह नाही. तरीही मूळ नियम टिकून आहे: ज्योत विझता कामा नये. त्यामुळे वेग मंडळातल्या सर्वांत तेज पोराच्या हाती राहत नाही, तो ज्वालेच्या हाती जातो. वारा समोरून आला तर सगळ्यांनाच हळू व्हावे लागते.

कोजागरीची वाटचाल याहून संथ. सोलापुरातून निघणारे पुष्कळ जण तुळजापूर रस्त्यावरच्या रूपाभवानीला नमस्कार करून पाऊल उचलतात. तामलवाडीपर्यंतचा रस्ता बराचसा सपाट आहे आणि शेवटी, पाय बोलू लागल्यावर, बालाघाटाची चढण येते. या डोंगररांगेच्या कडेवरच तुळजापूर वसले आहे. रिकाम्या रस्त्यावर धडधाकट माणूस तासाला चार-साडेचार किलोमीटर चालतो. गर्दी, विसावे आणि सोबतीची म्हातारी माणसे धरली तर रात्र सहज उलटते. वाटेत चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी आणि दूध वाटणारी मंडळे असतात. काही ठिकाणी सतरंजी अंथरून पायांना तेल चोळून देणारेही बसलेले असतात. चालणारा पाय पुढे करतो, चोळणारा न बोलता पोटरीवर अंगठा दाबतो, आणि पाच मिनिटांनी पुढचा पाय समोर येतो. एकमेकांचे नाव कोणी विचारत नाही. या सेवेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: यात्रेकरूचा त्रास कमी करणे हे पुण्याचे काम आहे. त्रास हेच पुण्याचे भांडवल असते, तर तेल चोळणाऱ्याने त्याची चोरीच केली असती.

तुळजापूरच्या नित्योपचारांत तर विश्रांतीला स्वतःचे स्थान आहे. भवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवली जाते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर देवी निजते ती पौर्णिमेपर्यंत, आणि या झोपेला श्रमनिद्रा म्हणतात. महिषासुराशी झालेल्या युद्धाचा शीण देवीने काढायचा असतो. पौर्णिमेला ती पुन्हा सिंहासनावर येते आणि रात्रभर चाललेले लोक नेमके त्याच दिवशी दारात उभे असतात. दमणे हा दोष नाही, दमल्यावर निजणे हा भक्तीतला खंड नाही, असे इथे शब्दांत कोणी सांगत नाही. पंचांगच ते सांगते. ज्या क्षेत्राने आपल्या दैवताच्या थकव्यासाठी दिवस राखून ठेवले, तिथे भक्ताने मात्र थकवा लपवावा ही अपेक्षा विसंगत ठरते.

तरी कष्टाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते झटकून टाकता येत नाही. नवस हा एक प्रकारचा करार असतो. मूल जगले तर अनवाणी येईन, दुखणे बरे झाले तर देवळापर्यंत लोटांगण घालीन, असे बोलणाऱ्या बाईला ठाऊक असते की जे काहीच किंमत न मोजता दिले ते दिल्यासारखे होत नाही. श्रीमंताला सोने वाहता येते. गरिबाजवळ वाहायला स्वतःचे अंग असते, तळपाय असतात. पायाला आलेले फोड ही त्याची देणगी आहे. शिवाय कष्टामुळे माणूस समान होतो: घाटात धापा टाकणारा सावकार आणि त्याचा सालगडी निदान तेवढा वेळ एकाच पातळीवर असतात. सुखाची चाल चांगली की वाईट, हे ठरवताना हा मुद्दा समोर ठेवावाच लागतो. सुखाने चाललेल्या माणसाने काय दिले, हे त्याला सांगता आले पाहिजे.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे जे वर्गीकरण आहे, ते या वादात सहसा कोणी वाचत नाही, आणि वाचले तर दोन्ही पक्षांना अडचण होईल. शास्त्राचा आधार नसलेले, दंभाने आणि अहंकाराने केलेले, शरीराला पिळून काढणारे तप तिथे आसुरी ठरवले आहे. मानसन्मान मिळावा म्हणून केलेले तप राजस, आणि हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेले तामस. म्हणजे फोडांची संख्या हा निकष तिथेच बाद होतो. त्याहून विशेष म्हणजे मानसिक तपाची लक्षणे सांगताना सुरुवातच मनाच्या प्रसन्नतेपासून केली आहे. आनंदी राहणे हे तपाचे बक्षीस नव्हे, ते स्वतःच तप आहे. ज्याने चाळीस किलोमीटर कुरकुर न करता, सोबत्याला न टोचता, चेहरा न पाडता काढले, त्याने काहीतरी दिले आहे. ते दिसत नाही, एवढेच. उलट अनवाणी चालून वाटभर आपल्या पायांचे फोटो काढणाऱ्याचा हिशेब गीतेच्या पुढच्या श्लोकांत जातो.

पायांतून रक्त येईपर्यंत चालण्याची एक गोष्ट बौद्ध साहित्यात आहे आणि ती या विषयाला इतकी चपखल बसते की तिला बगल देता येत नाही. चंपा नगरीतला सोण कोळिविस हा लाडात वाढलेला श्रीमंताचा मुलगा. त्याचे तळपाय इतके नाजूक की त्यांवर लव उगवली होती, असे म्हणतात. तो भिक्षू झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात येरझारा घालत ध्यान करू लागला. भिक्षूंमध्ये याला चंक्रमण म्हणतात. त्याने इतका अट्टहास केला की चालण्याची जागा रक्ताने माखली. हाती काही लागले नाही तेव्हा घरी परत जावे, संपत्तीचा उपभोग घ्यावा आणि दानधर्म करावा, असा विचार त्याच्या मनात आला. बुद्धाने त्याला तो घरी वाजवीत असलेल्या वीणेबद्दल विचारले. तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर ती वाजायची का? बेताची तार लागली तरच सूर निघतो, तसे प्रयत्नाचेही असते. गोष्टीचा हा भाग सर्वांना माहीत असतो. विनयपिटकात पुढे जे येते ते कमी जणांना माहीत आहे. बुद्धाने सोणाला वहाणा वापरायला परवानगी दिली. सोण म्हणाला, इतके ऐश्वर्य सोडून आलेला हा माणूस आता वहाणांना चिकटला असे लोक म्हणतील. सर्व संघाला परवानगी असेल तरच घालीन. तेव्हा ती सर्वांना मिळाली. एका माणसाच्या जखमेतून सगळ्यांची सोय झाली. धाराशिव जिल्ह्यातल्याच तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष निघाले आहेत. या जिल्ह्याच्या वाटांवरून एके काळी असे वहाणा घातलेले भिक्षू चालत असणार.

योगशास्त्रात हाच विचार अधिक नेमका झाला. आसन कसे असावे हे सांगताना पतंजलीने स्थिरता आणि सुख अशी दोनच लक्षणे दिली, आणि ते साधायचा मार्ग म्हणून प्रयत्न सैल करायला सांगितले. प्रयत्न सोडायला नव्हे, सैल करायला. दूर पल्ल्याच्या धावण्यात प्रशिक्षक जे सांगतात ते याहून वेगळे नाही: जबडा सैल, खांदे खाली, मुठी उघड्या, आणि बोलता येईल एवढाच वेग. असा सैल प्रयत्न टिकतो का, यासाठी एक दाखला वेदान्तात सापडतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात ईश्वराच्या निर्मितीला लीला म्हणताना दोन दाखले दिले: सर्व काही मिळालेल्या राजाचा निव्वळ खेळ, आणि श्वासोच्छ्वास. पैकी दुसरा दाखला इथे उपयोगी पडतो. श्वास कुठल्या फळासाठी घेतला जात नाही, तरी तो थांबत नाही. फळाच्या आशेशिवाय सातत्य राहू शकते, हे त्यातून दिसते. पूर्णकाम ईश्वराची गोष्ट गुडघे दुखणाऱ्या माणसाला कितपत लागू करावी, हा वाद उरतोच.

शरीराचा हिशेब मात्र साधा आहे आणि तो सुखाच्या चालीच्या बाजूने लागतो. धावताना माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दर किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी लागते. म्हणजे साठ किलोच्या गड्याला ४५ किलोमीटर धावायला २७०० च्या आसपास. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण दोन हजारांच्या घरातली ऊर्जा देते. जोरात धावणारा मुख्यतः हीच साखर जाळतो, म्हणून तिशीच्या किलोमीटरांत त्याचे पाय अचानक लाकडासारखे होतात. सावकाश जाणारा चरबीही मोठ्या प्रमाणात जाळतो आणि चरबी वाळक्या माणसाकडेही कितीतरी दिवस पुरेल एवढी असते. वेग बेताचा आहे की नाही, हे ओळखायची खूण म्हणजे पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येणे. आराध्यांची गाणी म्हणत चालणाऱ्या घोळक्याला हे वेगळे तपासावे लागत नाही. सूर तुटू लागला की घोळका आपोआप मंद होतो. भक्तीच्या प्रथेत शरीरशास्त्र आधीच ठाऊक होते, असा डंका पिटण्याचे कारण नाही. गाणाऱ्याला गायचे होते आणि गाण्यासाठी दम राखावा लागतो, एवढेच.

इथपर्यंतचे धागे जुळवले तर प्रश्नाची मांडणीच थोडी बदलावी लागते. संथ की वेगवान, सुखद की कष्टाचे, हा भेद वरवरचा ठरतो. वेग कोण ठरवतो, हा खरा प्रश्न आहे. ज्योतीच्या धावेत तो ज्वाला ठरवते, गात चालणाऱ्या घोळक्यात गाणे ठरवते, कुटुंबासोबत चालणाऱ्याच्या बाबतीत घरातली म्हातारी किंवा खांद्यावरचे पोर ठरवते. सोणाचा वेग मात्र त्याची स्वतःची ईर्षा ठरवत होती, आणि म्हणून रक्त सांडूनही तो जिथल्या तिथे राहिला. ‘मी’ सोडून दुसऱ्या कशाच्या तरी हाती आपली चाल देणे, हे सुखाने चालणाऱ्याचे देणे असू शकते. ते फोडांपेक्षा स्वस्त आहे असे समजू नये. तरण्या पोराला आजीच्या चालीने बारा तास चालणे पळण्यापेक्षा जड जाते.

पोहोचण्याबद्दलही थोडे सांगायला हवे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर, म्हणजे आजचे तेर, हे पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे नोंदले आहे. पैठण स्वतः भडोचपासून वीस दिवसांवर. अंतर दिवसांत मोजले जाई, कारण अंतर म्हणजे चालण्यात गेलेले आयुष्य होते. पोहोचायचे गाव त्या वीस-तीस दिवसांतल्या एकाच संध्याकाळी येई. पण म्हणून चालणेच सर्वस्व ठरत नाही. चालत राहण्याचा थोर उपदेश म्हणून ऐतरेय ब्राह्मणातला जो भाग नेहमी उद्धृत होतो, तो ज्या कथेत आहे ती कथा मात्र उपदेश करणारे सांगत नाहीत. हरिश्चंद्राचा मुलगा रोहित वरुणाला बळी दिला जाणार होता, म्हणून तो रानात पळाला. दर वर्षी त्याला घरी परतावेसे वाटे आणि दर वर्षी ब्राह्मणाच्या वेषातला इंद्र त्याला आणखी चालायला सांगे. त्याच्या चालण्यापुढे ध्येय नव्हते, मागे भीती होती. तरी त्या भटकंतीचे गुण गायले गेले. शेवटी सुटका झाली ती दुसऱ्याच्या मुलाला, शुनःशेपाला, बदली म्हणून विकत घेऊन, आणि पुढे शुनःशेपही वाचला. चालणे आपोआप माणसाला शुद्ध करते असे मानणाऱ्यांनी ही कथा शेवटपर्यंत वाचावी.

सुखाच्या बाजूचा धोका दाखवणारी कथा तर या जिल्ह्याच्या घरचीच आहे. तेरचे संत गोरोबाकाका कुंभार होते. विठ्ठलाचे नाम घेत ते चिखल तुडवत होते आणि त्यांचे रांगते मूल पायाखाली आले. त्यांना कळले नाही. पंढरपुरात मूल परत मिळाल्याचे कथा पुढे सांगते आणि कीर्तनात तिथवर आल्यावर श्रोते सुटकेचा श्वास सोडतात. पण मधला भाग वगळून चालत नाही. गोरोबांच्या पायांत ताल होता, मनात आनंद होता, श्रम जाणवत नव्हते. दूर पल्ल्याचे धावपटू ज्या तंद्रीची वाखाणणी करतात, तिची जवळजवळ सगळी लक्षणे तिथे होती. आणि ती तंद्रीच घात करून गेली. तंद्रीने भरलेला आनंद आणि जागेपणाचा आनंद वेगळे आहेत, हे या कथेइतके भयंकर रीतीने दुसरीकडे कुठे क्वचितच आले असेल. संतचरित्रे सांगणारे ही कथा तल्लीनतेचा गौरव म्हणून सांगतात. तिच्यातून इशारा घेणेही तितकेच सयुक्तिक आहे.

या तंद्रीच्या अगदी विरुद्ध टोकाची चाल भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीला पाहायला मिळते. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींना इथे मोक्ष मिळाला, अशी जैन परंपरा आहे. दिगंबर आचार्य शांतिसागरांनी १९५५ साली सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचे व्रत, घेऊन इथेच देह ठेवला. दिगंबर मुनी वाहन वापरत नाहीत. त्यांचा विहार अनवाणी असतो आणि चालण्यासाठी ईर्यासमिती नावाचा नियम असतो. उजेड असेल तेव्हाच चालायचे, रहदारीने मळलेल्या वाटेने चालायचे, समोरची सुमारे चार हात जमीन पाहत पाऊल टाकायचे, म्हणजे किडामुंगी पायाखाली येणार नाही. चातुर्मासात, जमिनीवर जीव फार असतात म्हणून, विहारच थांबतो. मुंगीने ठरवलेला हा वेग आहे. अनवाणी पाय इथेही आहेत, पण तो नवस नाही आणि दाखवण्याची पीडाही नाही. कोजागरीची रात्रवाट या नियमात बसणार नाही, ज्योतीची धाव तर मुळीच नाही. तरी पायाखाली काय आहे, हे पाहण्याचा हा आग्रह सावकाश चालणाऱ्या कुणालाही उसना घेता येतो. डोंगरवाटेवर धावणारा तो घेतोच. दगड न पाहणारा पडतो.

डोंगरवाटांच्या लांब शर्यती ही या परंपरेची धाकटी आणि थोडी विचित्र नातलग. पुण्याजवळ सिंहगड, राजगड, तोरणा जोडणाऱ्या वाटांवर अशी शर्यत होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७४ साली गॉर्डी एन्स्ली हा घोडेस्वारांच्या शंभर मैलांच्या शर्यतीत घोड्याशिवाय उतरला आणि चोवीस तासांच्या आत पोहोचला. तिथून पुढे वेस्टर्न स्टेट्स ही धावण्याची शर्यत उभी राहिली. आज तिथे तीस तासांची मुदत असते. पहिल्या नंबरापेक्षा शेवटच्या तासाला मैदानात जास्त गर्दी जमते, कारण मुदत संपता संपता येणारे लंगडत, हसत, रडत येतात. अशा शर्यतीत पुष्कळांना जिंकायचे नसतेच. चढण चालत चढायची, सपाटीवर दुडकी धरायची, पाणपोईवर बसून उकडलेला बटाटा मिठाला लावून खायचा, अनोळखी माणसाशी गप्पा मारत दोन डोंगर ओलांडायचे, हा त्यांचा बेत असतो. त्याला कमी प्रतीची धाव म्हणणारे आहेत. वर आलेल्या कसोटीवर मात्र ती कमी प्रतीची ठरत नाही. सोबत्याच्या पायाला गोळा आला म्हणून थांबणाऱ्याने आपला वेग दुसऱ्याच्या हाती दिलेला असतो. जिंकायला धावणाऱ्याला ती मुभा कमी असते.

फरक पडतो तो घड्याळामुळे. शर्यतीची मुदत सेकंदाला संपते. दक्षिण आफ्रिकेतल्या, १९२१ पासून चालत आलेल्या कॉम्रेड्स शर्यतीत मुदत संपल्याची बंदूक झाडणारा पंच येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो, म्हणजे चेहरे पाहून त्याचे बोट थबकू नये. यात्रेची मुदत म्हणजे तिथी. ती चंद्रावर अवलंबून असते, एकोणीस तासांपासून सव्वीस तासांपर्यंत लहानमोठी होते, आणि पौर्णिमा टळल्यावर पोहोचलेल्या म्हातारीला देवळाच्या दारातून कोणी परत पाठवत नाही. सुखाच्या चालीला अशी ढिली मुदत मानवते. घड्याळाखाली सावकाश धावणाऱ्याला मागून येणाऱ्या वेळेचे भान सतत ठेवावे लागते, आणि त्याच्या आनंदात तेवढी एक खोच राहते. यात्रेला मुदत नसती तर मात्र लोक निघालेच नसते, हेही खरे.

या सगळ्या विचारावर एक आक्षेप उरतो आणि त्याला धर्मशास्त्रात उत्तर शोधून उपयोग नाही. चालण्यातले सुख त्यालाच कळते ज्याला चालण्याची सक्ती नाही. धाराशिव हा अवर्षणाचा जिल्हा आहे. १९७२ च्या दुष्काळात इथली माणसे खडी फोडायच्या कामावर मैलोन्मैल पायी जात होती. उन्हाळ्यात डोक्यावर घागर घेऊन चालणाऱ्या बाईला संथ चालीचे तत्त्वज्ञान ऐकवणे हा उद्धटपणा होईल. दसऱ्यानंतर, म्हणजे कोजागरीच्याच सुमारास, ऊसतोडीच्या टोळ्यांची कारखान्यांकडे जायची तयारी सुरू होते. त्या प्रवासाला यात्रा कोणी म्हणत नाही. पण कोजागरीच्या गर्दीत हीच माणसेही असतात, आणि सहा महिन्यांच्या सक्तीच्या श्रमाआधी एक रात्र स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या वेगाने चालतात. रोज दुसऱ्यासाठी राबणारे अंग एका रात्रीपुरते कोणाचेच नसते, किंवा देवीचे असते. त्यांना आणखी कष्ट करून पुण्य मिळवा असे सांगणे क्रूर आहे, आणि सावकाश जा, मजेत जा, असे सांगण्याची त्यांना गरज नसते. सुखाची चाल ही फुरसत असलेल्यांची चैन आहे, हा आरोप म्हणून अर्धाच खरा ठरतो. फुरसत नसलेल्यालाच ती सर्वांत जास्त कळते.

परतीचा मुद्दा राहतो. कोजागरीचे यात्रेकरू दर्शन झाल्यावर एसटीत किंवा मिळेल त्या वडापमध्ये चढतात आणि खिडकीला डोके टेकून झोपतात. आलेली वाट पुन्हा पायी तुडवण्याचा नवस क्वचितच कोणी बोलतो, आणि परतीच्या किलोमीटरांचे पुण्य मोजण्याची रीतही नाही. ज्योतीच्या धावेत नेमके उलटे आहे. तिथे तुळजापूरपर्यंत टेम्पोने येणे मान्य असते. मोल असते ते घराकडच्या वाटेला, कारण देवीकडून घेतलेले काहीतरी गावात पोहोचवायचे असते. एका वाटेवर माणूस देवीकडे जातो, म्हणून त्याच्या दमण्याला आणि विसाव्यालाही अर्थ येतो. दुसऱ्या वाटेवर तो नुसता वाहक असतो. हातात ज्योत असताना त्याला रेंगाळता येत नाही आणि सुसाटही सुटता येत नाही. विसावा घ्यायचा तर आधी दांडा दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो.